डिझेल गाडीचें इंजिन घरीं बदलणें: काम, सोबत आणि कागद

शेतकऱ्याच्या घरीं मोटारगाडी ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पनवेल, उरण, खालापूर व कर्जत या तालुक्यांतून भाजी, दूध, खत आणि भाताचीं पोतीं यांची ने-आण करणाऱ्या जुन्या डिझेल जीपा अजूनहि आढळतात. सांगाडा शाबूत, चाकें चांगलीं, परंतु इंजिन थकलेलें, अशी अवस्था अशा गाडीस केव्हां तरी येतेच. मग गाडी मोडींत घालावी, आहे त्याच इंजिनाचें काम करून घ्यावें, कीं दुसरें इंजिन आणून बसवावें, हा प्रश्न मालकापुढें उभा राहतो. कांहीं होतकरू शेतकरी हें तिसरें काम चार मित्रांच्या मदतीनें आपल्या अंगणांतच करतात. तें होण्यासारखें आहे. परंतु त्यांत दोनशें किलोच्या आसपास वजनाचें लोखंड माणसांच्या मध्यें टांगलेलें असतें, आणि त्या लोखंडावर सरकारी नोंदीचा एक नंबर असतो. पहिल्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास जीव जातो, दुसरीकडे झाल्यास गाडी जाते. म्हणून या दोन्ही बाजूंचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

पनवेल हें गांव गाडीच्या धंद्यास नवें नाहीं. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून मुंबई आणि पुणें यांच्यामधील वाहतूक येथून होऊं लागली, आणि बैलगाडीचीं चाकें तयार करण्याचा धंदा येथें नांवाजला. बैलांच्या जागीं पुढें इंजिन आलें. मुंबईंत महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास जुळविलेल्या पहिल्या विलीज जीपा पेट्रोलवर चालत. डिझेल जीपा नंतर आल्या, व १९८० नंतरच्या एम. एम. ५४० या जीपेंत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचें २११२ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन असे. पुढील सूचना मुख्यतः अशा जुन्या, साध्या यंत्रणेच्या जीपांस लागू आहेत.

दोष इंजिनाचाच आहे काय?

डिझेल इंजिनाचें तत्त्व रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञानें बसविलें, आणि त्याचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें चाललें. पेट्रोल इंजिनांत ठिणगीनें जाळ लागतो. डिझेल इंजिनांत ठिणगी नाहीं. सिलिंडरांतील हवा पिस्टन इतकी दाबतो कीं ती मूळ जागेच्या सुमारें विसाव्या भागांत येते व अत्यंत तापते. त्या तापलेल्या हवेंत तेलाचा बारीक फवारा मारला कीं तें आपोआप पेटतें. यावरून हें स्पष्ट होईल कीं, दाब हाच या इंजिनाचा प्राण आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह झिजून दाब निसटूं लागला म्हणजे इंजिन सकाळीं सुरू होत नाहीं, चढावर दम टाकतें आणि तेल खातें.

धुराचा रंग हा येथें पहिला साक्षीदार होय. काळा धूर म्हणजे तेल अधिक किंवा हवा कमी. बहुधा हवेचा फिल्टर तुंबलेला असतो किंवा नोझल खराब झालेलें असतें. पांढरा धूर म्हणजे न जळलेलें तेल, अगर हेड गॅसकेट जाऊन आंत शिरलेलें पाणी. निळसर धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे. इंजिन चालू असतां वंगण भरण्याचें झांकण उघडून पाहावें. तेथून भकाभका धूर येत असेल तर रिंगा गेल्या असें समजावें. शेवटीं प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकानें मोजून घ्यावा. निरोगी इंजिनांत तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण २५ ते ३० किलो असतो. मात्र कंपनीच्या पुस्तकांतील आंकडाच प्रमाण मानावा. चारी सिलिंडरांत दाब सारखा व पुरेसा असेल, तर दोष इंजिनाचा नसून फिल्टर, नोझल, पंप किंवा नळींत शिरलेली हवा यांचा आहे, आणि तो थोड्या खर्चांत निघतो. ही चौकशी न करतां इंजिन उतरविणें म्हणजे बैलाचा खूर दुखतो म्हणून बैल विकण्यासारखें आहे.

कोणतें इंजिन आणावें

नियम एकच: जी गाडी तेंच इंजिन. त्याच कंपनीचें आणि त्याच जातीचें. डिझेल पेट्रोलपेक्षां फार स्वस्त असे, त्या काळीं पेट्रोलच्या गाडींत डिझेल इंजिन घालण्याचा प्रघात होता. पेट्रोलचे दर जून २०१० मध्यें आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्यें सरकारी नियंत्रणांतून मुक्त झाले, आणि दोहोंतील तें मोठें अंतर राहिलें नाहीं. शिवाय परक्या जातीचें इंजिन बसवावयाचें म्हणजे पाये नवे, क्लच नवा, गिअरबॉक्सचें तोंड नवें, आणि अधिक वजनामुळें पुढील पाट्यांवर व ब्रेकवर भार. हा खटाटोप घरच्या अंगणांतला नव्हे.

अलीकडील गाड्यांचीं कॉमन रेल इंजिनेंहि घरीं बदलूं नयेत. त्यांचा सर्व कारभार एका विजेच्या मेंदूकडे असतो. वायरींचे जुडगे, किल्लीची ओळख आणि इंजिनाची ओळख जुळली नाहीं तर तें सुरूच होत नाहीं. जुन्या इंजिनास तेल थांबविणारी एक तार, स्टार्टरची तार, ग्लो प्लगची तार व दोन-तीन दर्शक एवढाच विजेचा संबंध असतो.

जुनीं इंजिनें मुंबईंत कुर्ला येथील जुन्या मोटारसामानाच्या बाजारांत मिळतात. तेथें जातांना एक जाणता मेकॅनिक बरोबर न्यावा. रंग पाहूं नये. रंग दोन तासांत देतां येतो. क्रँकची पुली पान्यानें फिरवून पाहावी. ती अडकतां कामा नये, आणि दाब येतांना प्रत्येक वेळीं सारखा विरोध जाणवला पाहिजे. वरचें झांकण काढवून घ्यावें. आंत काळा चिकट गाळ असेल तर वंगण वेळेवर बदललेलें नाहीं. तळाचें तेल बोटावर घेऊन उन्हांत धरावें. त्यांत पितळी चकाकी दिसली तर बेअरिंगें झिजलीं आहेत. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे इंजिनाचा नंबर स्पष्ट, मूळचा व न घासलेला असावा. नंबरावर कानशीचा हात फिरलेला दिसला तर तें इंजिन फुकट मिळालें तरी घेऊं नये, कारण तें चोरीचें असण्याचा संभव फार.

कागद आधीं, पाना मागाहून

आम्हीं महसूल खात्यांत पुष्कळ वर्षें कागद सांभाळले, आणि कबजा एकाचा व सातबाऱ्यावर नांव दुसऱ्याचें, अशा जमिनीचे काय हाल होतात तें पाहिलें. गाडीची गोष्ट तशीच आहे. नोंदणीच्या पुस्तकांत चॅसिसचा नंबर व इंजिनाचा नंबर असे दोन नंबर असतात. इंजिन बदललें म्हणजे त्या नोंदीचा फेरफार झालाच पाहिजे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ याप्रमाणें, नोंदणीच्या पुस्तकांतील तपशील उत्पादकानें मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या तत्त्वास दुजोरा दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें कलम १८२-अ आलें. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, अगर दोन्ही शिक्षा होऊं शकतात. त्याच बनावटीचें व त्याच जातीचें इंजिन बसविणें ही सरळ बाब आहे; तरीहि परिवहन कार्यालयाची परवानगी आधीं घ्यावी आणि नव्या नंबराची नोंद पुस्तकांत करून घ्यावी.

त्यासाठीं पुढील कागद एका फाइलींत ठेवावे: इंजिनाची रीतसर पावती, तींत विकणाऱ्याचें नांव-पत्ता व इंजिनाचा नंबर, तें ज्या गाडींतून निघालें तिच्या नोंदणीची किंवा मोडीची नक्कल, आपलें नोंदणीचें पुस्तक, विमा व धुराचा दाखला. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचें संमतिपत्र घ्यावें. विमा कंपनीसहि लेखी कळवावें. अपघातानंतर पुस्तकांतील नंबर एक आणि गाडींतील दुसरा असें निघालें, तर भरपाईचा दावा अडण्यास तेवढें निमित्त पुरे होतें, आणि समोरच्या जखमी माणसाचा बोजा मालकाच्या जमिनीपर्यंत येऊं शकतो. आणखी एक गोष्ट पाहावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. सांगाडा गंजून त्या तपासणींत उतरण्यासारखा नसेल, तर त्यांत इंजिन घालणें म्हणजे पडक्या विहिरीवर नवा रहाट बसविणें होय. आमच्या कोंकणच्या पावसांत व खाऱ्या हवेंत लोखंड लवकर सडतें, म्हणून चॅसिस खालून हातोडीनें ठोकून पाहावी.

मित्रांची सोबत

देशावर शेताच्या कामांत इर्जिक व सावड घालण्याची चाल आहे. आज माझ्या शेतांत सर्वांचे हात, उद्यां तुझ्या शेतांत. इंजिन बदलण्याचें काम याच जातीचें आहे. एकट्यानें तें करूं नये, आणि दहा जणांनींहि करूं नये. चौघे पुरेत. एकानें चेन-कप्पी ओढावी, दुसऱ्यानें इंजिनाचें पुढील टोंक सांभाळावें, तिसऱ्यानें गिअरबॉक्सकडील बाजूवर नजर ठेवावी. चौथ्यानें हातांत कांहीं न घेतां उभें राहून हुकूम द्यावा. वर, खालीं, थांब, हे शब्द त्या एकाच्याच तोंडून निघावे; "थांब" मात्र कोणीहि म्हणावें, व तें ऐकतांच सर्वांनीं थांबावें. चौघांपैकीं एक तरी या कामांतील जाणकार असलाच पाहिजे. काम संपेपर्यंत दारूचा थेंबहि नको, आणि मुलें व गुरें अंगणाबाहेर असावीं.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानें गेल्या वैशाखांत अशा रीतीनें जीपेचें इंजिन बदललें. शनिवारीं जुनें उतरलें, रविवार साफसफाई व क्लच यांत गेला, आणि सोमवारीं दुपारीं नवें बोलूं लागलें. मदतनिसांपैकीं एक टेंपोचालक, एक गिरणीवाला व एक शाळामास्तर होता. मास्तरांनीं काढलेल्या प्रत्येक वायरीस चिठी बांधली व प्रत्येक जागेचे बोल्ट निरनिराळ्या वाटींत नांव घालून ठेवले. जोडणीच्या वेळीं सर्वांत अधिक वेळ वाचला तो त्या चिठ्यांमुळें. याच्या मोबदल्यांत मालकानें पावसाळ्यापूर्वीं मास्तरांचीं कौलें परतून दिलीं.

उतरविणें

जागा सपाट व टणक असावी. चाकांस पुढून-मागून उटी लावावी. गाडी उचललेली असेल तर ती लोखंडी घोडीवर टेकावी. विटा किंवा जांभ्याचा चिरा भाराखालीं न सांगतां फुटतो. कप्पी एक टनाची घ्यावी व ती मजबूत लोखंडी तिकाटण्यास किंवा तुळईस टांगावी. घराच्या वाशास अगर आंब्याच्या फांदीस इंजिन टांगण्याची चाल सोडून द्यावी.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी, मग धन. इंजिन थंड झाल्यावर रेडिएटरचें पाणी काढावें. त्यांत हिरवें किंवा तांबडें औषध घातलेलें असेल तर तें भांड्यांत धरावें, कारण तें गोड लागतें व विषारी असतें. वासरानें किंवा कुत्र्यानें तें चाटलें तर जनावर दगावतें. नंतर वंगण काढावें. बॉनेट, रेडिएटर व पंखा काढून बाजूला ठेवावे. डिझेलच्या नळ्या सोडून त्यांचीं तोंडें स्वच्छ फडक्यानें बंद करावीं. धुळीचा एक कण पंपास पुरतो. मग सायलेन्सरचा पाइप, स्टार्टर, अॅक्सिलरेटरची तार व सर्व वायरी सोडाव्या.

या जीपांत गिअरबॉक्स जागीं ठेवून केवळ इंजिन पुढें ओढून काढतां येतें. त्यासाठीं गिअरबॉक्सखालीं जॅक लावून त्याचा भार उचलावा. सांखळी इंजिनाच्या दोन्ही उचलण्याच्या कड्यांत अडकवून ताणावी, आणि मगच पायांचे व गिअरबॉक्सच्या तोंडाचे बोल्ट काढावे. इंजिन आधीं सरळ पुढें आलें पाहिजे, वर नव्हे. गिअरबॉक्सचा दांडा क्लच प्लेटमधून पुरा सुटेपर्यंत वजन त्या दांड्यावर लोंबूं देऊं नये. टांगलेल्या इंजिनाखालीं हात, पाय किंवा डोकें कधींहि जातां कामा नये. पडलेला नट इंजिन जमिनीवर टेकल्यावर उचलावा.

बसविणें

इंजिन बाहेर आहे तोंवर ज्या वस्तु मागाहून मिळणें अवघड, त्या नव्या घालाव्या: क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचें ऑइल सील, पाण्याचा पंप, रबरी नळ्या व इंजिनाचे रबरी पाये. क्लच प्लेट मध्यावर बसविण्यासाठीं जुना गिअर दांडा माप म्हणून वापरावा. इंजिन आंत सरकतांना शेवटच्या बोटभर अंतरावर बहुधा अडतें. तेव्हां बोल्ट आवळून तें ओढून घेण्याचा मोह सर्वांस होतो, आणि तेथेंच प्लेट किंवा दांडा वांकतो. योग्य रीत अशी कीं, गाडी गिअरमध्यें ठेवून क्रँक थोडा फिरवावा, दोन्ही तोंडें समोरासमोर समांतर आणावीं. खांचा जुळल्या कीं इंजिन हातानें आंत जातें. सर्व बोल्ट प्रथम हातानें लावावे, नंतर समोरासमोरचे क्रमानें आवळावे.

पहिली सुरुवात

वंगण व पाणी भरून पुन्हां एकदां सर्व नळ्या पाहाव्या. डिझेलच्या मार्गांत हवा असतां इंजिन सुरू होणार नाहीं. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून नुसतें तेल येऊं लागलें कीं स्क्रू आवळावा. तेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवावा व वंगणाचा दिवा विझूं द्यावा. मग नोझलच्या नळ्यांचे नट किंचित सैल करून हवा काढावी. येथें एक धोका सांगणें अवश्य आहे. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधींहि धरूं नये. त्याचा दाब इतका असतो कीं तेल कातडी भेदून मांसांत शिरतें. भोंक सुईएवढें दिसतें, वेदनाहि प्रथम थोडी असते, परंतु कांहीं तासांत हात सडूं लागतो. असें झाल्यास हळद लावून घरीं न बसतां त्याच घटकेस मोठ्या इस्पितळांत शस्त्रवैद्याकडे जावें.

दुसरा धोका इंजिन उधळण्याचा. डिझेल इंजिनास ठिणगी नसल्यामुळें किल्ली बंद केली तरी तें थांबेलच असें नाहीं. पंप चुकीचा बसला असेल किंवा वंगण हवेच्या वाटेनें आंत जात असेल, तर त्याचा वेग वाढतच जातो आणि तें फुटेपर्यंत थांबत नाहीं. म्हणून पहिल्या सुरुवातीस एका माणसानें हवेच्या तोंडाजवळ, इंजिनाच्या बाजूस उभें राहून, तें तोंड पुरें झांकेल अशी सपाट जाड फळी घेऊन तयार असावें. उधळतांच फळी दाबून हवा बंद करावी. हाताचा पंजा किंवा सैल फडकें लावूं नये, तें आंत ओढलें जातें. वाळूची बादली जवळ असावी.

इंजिन सुरू झाल्यावर वीस मिनिटें मंद चालवून वंगणाचा दाब, उष्णता व गळती पाहावी. थंड झाल्यावर पाणी पुन्हां भरावें, बोल्ट तपासावे, आणि सुमारें ५०० किलोमीटर चालल्यावर वंगण व फिल्टर बदलावे. जळकें तेल नाल्यांत, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतूं नये. डब्यांत भरून तें परवानाधारक जुनें तेल घेणाऱ्याकडे द्यावें. भाताच्या खाचरांत पसरलेला तेलाचा तवंग लवकर जात नाहीं.

शेवटीं, उतरविलेलें जुनें इंजिन कोणासहि कागदाशिवाय देऊं नये. त्यावरील नंबर अजून आपल्या नांवाशीं जोडलेला असतो. विकल्यास पावती घ्यावी, भंगारांत दिल्यास तसा दाखला घ्यावा, आणि दोन्हीच्या नकला फाइलींत लावाव्या. नव्या नंबराची नोंद पुस्तकांत झाल्यावरच काम पुरें झालें असें समजावें. तोंपर्यंत गाडी अंगणांतच राहूं द्यावी. हें काम मृगापूर्वीं एक महिना तरी हातीं घ्यावें, म्हणजे पेरणीच्या दिवसांत कोणाचा खोळंबा होणार नाहीं, आणि मदतीस आलेल्या मित्रांच्या शेतावर आपणांसहि वेळेवर जातां येईल.